बाळहिरडा नेमका कोणाकडून घ्यावा?

पायवाट
गेल्या रविवारी आहुप्याला गेलो होतो. कड्यावर बसून खाली कोकण बघायचं, पिठलं-भाकरी खायची आणि संध्याकाळी पुण्यात परत, एवढाच बेत. डिंभे धरणाच्या कडेकडेनं गाडी वर चढायला लागली तशी जिकडेतिकडे एकच गोष्ट दिसायला लागली. घरांच्या पत्र्यांवर, अंगणात, ताडपत्रीवर, एके ठिकाणी तर डांबरी रस्त्याच्या कडेलाच बारकी, दोन्ही टोकांना निमुळती फळं वाळत घातलेली. काही हिरवी, काही तपकिरी, काही कोळशासारखी काळी.

एक आजी काठी घेऊन कोंबड्या हाकत बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "हिरडाय. बाळहिरडा." एक हातावर ठेवला. मी शहाणपणानं चावला. पुढची दहा मिनिटं जीभ टाळूला चिकटून होती आणि आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. कसा देता म्हटलं तर "चाळीस रुपये किलो."

घरी आल्यावर मुलाच्या बाळगुटीचं सामान काढलं. बाळहिरडा, ५० ग्रॅमची पुडी, ७० रुपये. म्हणजे किलोला १४०० झाले. चाळीसचे चौदाशे! पस्तीस पट! मधले कोण खातं? आणि आपण चार-पाच घरांनी मिळून थेट त्यांच्याकडूनच घ्यायचा म्हटला तर जमेल का? कुणाला अनुभव?

तिरकस
आधी हिरडा खाल्लात आणि मग हिशेब मांडलात, हे बरं केलंत. पोट आणि डोकं एकदमच साफ.

चिंचेचं_बोटूक
अहाहा, बाळगुटी! आमच्या आजीची सहाण अजून आहे, मध्ये खोलगट झालेली. अंघोळ झाली की बाळ मांडीवर आडवं, आणि हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, मायफळ, हळकुंड, जायफळ असं एकेक आईच्या दुधात उगाळायचं. कशाचे किती वेढे ते ठरलेलं. जायफळाचा अर्धाच वेढा, नाहीतर बाळ संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. हिरड्याचे दोन. पोट घट्ट असेल तर तीन. माझ्या धाकट्या भावाला बहुतेक पाच दिले असावेत, तो अजून कुठल्याही कार्यक्रमात अर्ध्यातून उठून जातो.

स्टेथोस्कोप
रंगाचा बेरंग करतो, माफी. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको. गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. सहाण कुठली, ती धुतली कशी, जायफळ किती गेलं, कशाचाच पत्ता नसतो. गुंगीत असलेली तान्ही पोरं बघितली आहेत म्हणून सांगतो.

चिंचेचं_बोटूक
@स्टेथोस्कोप, आम्ही सगळे त्याच गुटीवर वाढलो हो.

स्टेथोस्कोप
जे वाढले तेच धाग्यावर लिहायला येतात ताई.

तिरकस
दुसऱ्या पानाच्या आतच बाळगुटी विरुद्ध ॲलोपॅथी. संपादक, पॉपकॉर्न कुठल्या कपाटात आहे?

वैद्य_मृद्गंधा
डॉक्टरांशी तान्ह्या बाळापुरती मी सहमत आहे, मीही सहा महिन्यांआधी नको म्हणते. पण हिरडा म्हणजे फक्त बाळगुटी नव्हे. मोठ्यांच्या पोटासाठी त्याच्याइतकं कामाचं फळ आमच्याकडे क्वचितच आहे. म्हणून तर म्हटलंय, "कदाचित् कुप्यते माता नोदरस्था हरीतकी". आई एखादे वेळी रागावेल, पण पोटात गेलेला हिरडा रागावत नाही.

फरक लक्षात घ्या. बाळहिरडा म्हणजे आत आठळी धरायच्या आधी तोडलेलं कोवळं फळ. वाळून काळं कुळकुळीत होतं, फोडलं तरी बी नाही. झाडावर पूर्ण पिकू दिलेला तो मोठा हिरडा. पिवळट, शिरा उठलेला, आत टणक आठळी. त्रिफळ्यात मोठा जातो. बाळहिरडा आम्ही एरंडेलात परतून देतो, फुलून हलका होतो, मग चूर्ण. मोठा हिरडा ऋतूप्रमाणे कशाबरोबर घ्यायचा तेही ठरलेलं आहे: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, उन्हाळ्यात गूळ. गरोदर बायकांनी घ्यायचा नाही. फार अशक्त, उपाशी माणसानंही नाही.

दूरदेशी
न्यू जर्सीत आईनं पाठवलेल्या पुरचुंडीतला हिरडा विमानतळावर अधिकाऱ्यानं दोन बोटांत धरून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, सुकं फळ. तो म्हणाला, खाऊन दाखव. पायवाटराव, तुमची दहा मिनिटं मला नीट समजली.

निळा_डोंगर
पहिल्यांदाच लिहितोय, बरीच वर्षं नुसता वाचक आहे. मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला, महादेव कोळी. नोकरी भोसरीत. मे महिन्यात मात्र दहा दिवस रजा टाकून गावाला असतो, कारण हिरडा.

पायवाटराव, तुमच्या हिशेबात एक गडबड झाली. आजीनं चाळीस सांगितले ते ओल्याचे. तुमची पुडी सुक्याची. चार किलो ओला वाळवला की किलोभर सुका पडतो, कधी साडेतीनात भागतं. म्हणजे आजीचा भाव सुक्यावर नेला तर एकशेसाठ. पस्तीस पट नाही, नऊ पटीच्या आत. तेही कमी नाही म्हणा, पण आजीला तुम्ही फारच गरीब करून टाकलंत.

आता ओला का विकतात? पावसाला भिऊन. वाळवायला चार-पाच कडक उन्हं लागतात. मेच्या शेवटी वळीव कधी येईल सांगता येत नाही. अर्धवट वाळलेला माल एकदा भिजला की काळा होण्याऐवजी पांढरी बुरशी धरतो, मग त्याला कोणी हात लावत नाही. ज्याच्या घरी पत्रा मोठा, माणसं जास्त, तो सुका विकतो. जी म्हातारी एकटी आहे ती संध्याकाळी पिशवी घेऊन दुकानात जाते आणि ओलाच घालून येते.

तोडणी कशी ते सांगतो. पहाटे पाचला निघायचं, उन्हाच्या आधी. झाडं आमच्याकडे बरीचशी मालकीच्या रानातली, कुठलं झाड कोणाचं हे सगळ्या वाडीला पाठ. भाऊभाऊ वेगळे निघाले तर जमिनीसारखीच हिरड्याची झाडं वाटली जातात. बाप्ये वर चढणार, कमरेला पिशवी, हातात आकडी. फांदी ओढायची आणि बोटांनी ओरबाडायची. बाया-पोरं खाली वेचणार. हिरड्याची फांदी दिसते त्यापेक्षा ठिसूळ. माझा चुलता २००९ ला पंचवीस फुटांवरून पडला, माकडहाड मोडलं. तो अजून चालतो, पण झाडाखाली उभा राहिला की वर बघत नाही.

दुपारी घरी आलं की पाला-काड्या निवडायच्या आणि पसरायचं. आठ दिवसांत बोटांची टोकं काळी होतात, साबणानं जात नाहीत. विळा-कोयता हाताळला की अजून काळी. रजा संपवून कामावर गेलो की सुपरवायझर विचारतो, शाई लावली काय रे, मतदान होतं का? ह्याच पैशातून पावसाळ्याचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, भाताचं खत. आमच्याकडे भात एकच पीक. त्याच्या आधी रोख हातात येते ती ह्याचीच.

कुतूहल
@निळा_डोंगर, दंडवत. बोटं काळी होण्याचं कारण टॅनिन. हिरड्यात ते भरपूर असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा रंग धरतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून शाईच करायचे. म्हणजे तुमचे सुपरवायझर चुकलेले नाहीत! कातडं कमवायलाही हिरडा लागायचा, इंग्रजांच्या काळात मुंबईतून जहाजं भरभरून विलायतेला जायचा. सह्याद्रीतल्या माणसानं तोडलेल्या फळावर तिकडच्या साहेबाचे बूट कमावले गेले.

तिरकस
आणि हिरडा खाऊन हिरड्या मजबूत होतात का, ते कोणीच सांगत नाहीये.

वैद्य_मृद्गंधा
@तिरकस, त्याच्या काढ्यानं गुळण्या करतात. हिरड्या आवळतात. तुमच्या विनोदाला शास्त्राधार सापडला, वाईट वाटून घेऊ नका.

आडतवाला
एवढा वेळ "मधले कोण खातं" हे वाचून गप्प बसलो होतो. मी तो मधला. जुन्नरच्या बाजूला आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. किराणा आणि हंगामात हिरडा.

निळाभाऊंनी अर्धा हिशेब सांगितला, उरलेला मी सांगतो. सुका माल १६० नं घेतला. पोत्यात काड्या, आठळी धरलेली फळं, अर्धवट वाळलेली, सगळं असतं. दोन बायका बसवून निवडायचा. शंभर किलोत पाच-सात किलो जातो. पुन्हा उन्हं दाखवायची, पुन्हा घट. टेम्पो, हमाली, तोलाई. पुण्या-मुंबईच्या घाऊक बाजारात मला २०० ते २२० मिळतात, पैसे दोन महिन्यांनी. ज्या वर्षी बाहेरून माल जास्त आला त्या वर्षी भाव पडतो. पोती गोदामात आणि मी व्याजात. पुढे जो ५० ग्रॅमच्या पुडीवर हिरव्या पानाचं चित्र छापतो त्याचे चौदाशे होतात. त्याला शोधा, मला नको.

सह्यकन्या
@आडतवाला, उचलीचं नाही सांगितलंत. श्रावणात तांदूळ संपले की दुकानातून उधार घ्यायचं आणि मेमध्ये हिरड्यावर फेडायचं. भाव कोण ठरवणार? ज्याचं देणं आहे तोच. मी अकोले तालुक्यात काही वर्षं बचत गटांबरोबर काम केलंय. वही दुकानदाराकडे, काटा दुकानदाराचा, आणि सही अंगठ्याची.

आडतवाला
उचल आम्ही द्यायचो, अजूनही देतो. रात्री अकराला पोरगी आजारी म्हणून दार वाजतं तेव्हा कुठली बँक उघडी असते ते सांगा. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, दोन्हीकडून दिसतो. वडिलांच्या वेळचं मी झाकत नाही, तेव्हा मापात मारायचे लोक. पण त्याचं प्रायश्चित्त मी दरवर्षी घेऊ का?

निळा_डोंगर
दोघांचंही खरं आहे. आमच्या आज्याकडून दुकानदार पायलीनं हिरडा घ्यायचा. पायली शीग लावून घ्यायची आणि मीठ देताना सपाट. पण माझ्या बहिणीच्या बाळंतपणात पैसे त्याच दुकानदाराच्या पोरानं दिले, कागद न करता. त्याला शिव्या घालायच्या की दुवा, हे आमच्या आईला अजून ठरवता आलेलं नाही.

खाकी_निवृत्त
वनखात्यात तीस वर्षं काढली म्हणून थोडं. भीमाशंकर १९८५ ला अभयारण्य झालं. त्यानंतर आतून काहीही काढायचं म्हणजे कटकट. मालकीच्या झाडाचा हिरडासुद्धा नाक्यावर अडवला जायचा, कारण पोत्यावर कुठं लिहिलेलं असतं की हा मालकीचा आणि हा सरकारी? आम्हीही अडवलाय, खोटं कशाला बोलू. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातलं बाकीचं, गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क दिला, अभयारण्यातसुद्धा. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तर १९९६ चा. पण ग्रामसभेचा दावा, नकाशा, पुरावे हे सगळं करून कागद हातात यायला काही गावांची उमर गेली.

पैसावसूल
सरकारी हमीभाव असतो ना पण?

सह्यकन्या
असतो, पण कशाला ते बघा. केंद्राच्या गौण वनउपजांच्या २०२० च्या यादीत हिरडा किलोला १५ रुपये आहे. तो मोठा, पिकलेला हिरडा. बाळहिरडा ही वेगळीच चीज, त्याचा बाजार दहापट. त्यामुळे सरकारी खरेदी ज्या वर्षी जोरात, त्या वर्षी व्यापारी चार रुपये वाढवून देतो. जेव्हा नाही, तेव्हा आपलं नेहमीचं. खरेदी सुरू होणार ही नुसती बातमी आली तरी भाव हलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रानपाखरू
सगळे भावावर बोलताहेत, झाडावर कोणी बोलेना. बाळहिरडा म्हणजे बी धरायच्या आधीच तोडलेलं फळ. दरवर्षी सगळी फळं कोवळीच उतरवली तर नवं रोप येणार कुठून? हिरड्याची आठळी एवढी टणक की रुजायला आधीच कंटाळा करते. मी त्या भागात फिरते तेव्हा मोठाली जुनी झाडं दिसतात, मनगटाएवढं एखादंच. आणि घाईघाईत फांदीच तोडून खाली आणून आरामात वेचणारेही आहेत.

निळा_डोंगर
@रानपाखरू, ताई, फांदी तोडणाऱ्याला आमच्यात शिव्याच पडतात, कारण पुढची दोन वर्षं ती फांदी देत नाही. बहुतेकदा तो ज्याचं झाड नाही असा असतो, रातचा येऊन गेलेला. शेंड्याला माणूस पोचत नाही, तिथली फळं पिकतात, पडतात. पण रोपाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पंधरा रुपयाच्या फळासाठी हिवाळ्यापर्यंत थांबायला सांगणार कोणाला? आणि आलेलं रोप गुरं खातात, नाहीतर वणवा. माझ्या बापानं लावलेली चार झाडं आहेत. लावताना लोक हसले होते, हिरडा काय लावायची गोष्ट आहे होय? आता रोपवाटिकेतली कलमं मिळतात, लवकर धरतात म्हणे. मी सहा लावलीत. दोन जगली.

गडकोट
हिरड्यावरून आठवलं, महाबळेश्वरच्या रानातही जांभूळ, अंजनी आणि हिरडाच जास्त. तिथे मधाला हिरड्याचा वास येतो का हो?

तिरकस
येतो. आणि स्ट्रॉबेरीला ट्रॅफिकचा.

पैसावसूल
@निळा_डोंगर, निसर्ग वादळात तुमच्याकडे बरंच नुकसान झालं होतं ना? तेव्हा बातम्या वाचलेल्या.

निळा_डोंगर
३ जून २०२०. आधीच टाळेबंदी, पुण्यातनं सगळी पोरं गावाला आलेली, म्हणून त्या वर्षी तोडणीला हात भरपूर होते. माल पत्र्यावर होता. दुपारी वारा आला तो पत्र्यासकट घेऊन गेला. आमच्या घराचे सात पत्रे ओढ्यात सापडले. हिरडा तर शोधायचाच नाही. चुलत्याचं एक झाड आज्याच्या आज्याच्या वेळचं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं, मुळासकट आडवं झालं. चुलता त्याच्याजवळ जाऊन बसला. ज्या झाडावरनं तो पडला होता, तेच झाड.

पंचनाम्याला माणूस आला. भात, आंबा, घर, सगळ्याला रकाना होता. हिरड्याला रकानाच नव्हता. लावलेलं पीक नाही, फळबागेत बसत नाही. आम्ही म्हटलं, साहेब, आमचं वर्षाचं मीठ-मिरची ह्याच्यावर आहे. तो बिचारा म्हणाला, मला पटतंय पण लिहू कुठं? त्यासाठी पुढे मोर्चे निघाले, उपोषणं झाली, किसान सभेची माणसं मागे लागून राहिली. बऱ्याच वर्षांनी भरपाई मंजूर झाली.

चिंचेचं_बोटूक
उगाळताना कधी डोक्यात आलं नव्हतं हे सगळं.

कुतूहल
चुलत्याचं वाचून पुढचं काही सुचेना. धागा वाचनखुणेत.

पायवाट
प्रवासात होतो, आत्ता सगळं वाचून काढलं. पस्तीस पट मागे घेतो, आजीची आणि आडतवाल्यांची दोघांची माफी. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच की. थेट घ्यायचा की नाही?

आडतवाला
घ्या की. मला राग नाही. पण पाच घरांचे मिळून दोन किलो होतील. ती आजी हंगामात दीडशे किलो ओला काढते. उरलेला ती कोणाला घालणार?

सह्यकन्या
पाच घरांनी नाही होणार, पण गट वाळवून, निवडून, शंभर किलो एकदम एखाद्या औषध कारखान्याला किंवा वैद्यांना देऊ शकला तर होतं. माझ्या ओळखीच्या एका गटानं केलं होतं. पहिल्या वर्षी छान. दुसऱ्या वर्षी माल पाठवला, ओलावा जास्त म्हणून परत आला, भाडं गटाच्या डोक्यावर. तिसऱ्या वर्षी बायका परत दुकानात. छप्पर असलेली वाळवणीची जागा आणि ओलावा मोजायचं साधं यंत्र असतं तर गट टिकला असता, असं माझं मत आहे. त्या दोन वस्तूंसाठी किती अर्ज केले ते विचारू नका.

वैद्य_मृद्गंधा
मला दरवर्षी पंधरा-वीस किलो बाळहिरडा लागतो. चांगला वाळलेला, आठळी न धरलेला. दाताखाली कट्कन तुटला पाहिजे आणि पाण्यात टाकला तर तळाला गेला पाहिजे. असा मिळाला तर अडीचशे द्यायला तयार आहे, रोख. निळाभाऊ, व्यनि (खासगी निरोप) केलाय.

तिरकस
लिलाव सुरू! स्टेथोस्कोप, तुम्ही बोली लावणार का?

स्टेथोस्कोप
पाव किलो. स्वतःसाठी. बायकोला सांगू नका.

पायवाट
माझे दोन किलो धरा. वैद्यांच्याच भावानं.

निळा_डोंगर
सगळ्यांचे व्यनि मिळाले, वहीत लिहून घेतले. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढ्या शिकलेल्या लोकांची पोटं एवढी खराब कशी? तुमची ती कोंबड्या हाकणारी आजी पण ओळखीची निघाली, माझ्या मावशीची जाऊ. तुम्ही तोंड वाकडं केलेलं तिनं सगळ्या वाडीला करून दाखवलंय.

एक अडचण. काल दुपारी तीनला वळीव आला. ताडपत्री ओढेपर्यंत अर्धा पत्रा भिजला. तो भिजलेला मी तुम्हाला देणार नाही. वरच्या अंगाची दोन झाडं राहिलीत, ऊन पडलं तर पुढच्या आठवड्यात वाळेल. वैद्यताईंचे पंधरा किलो ह्या खेपेला होणार नाहीत, आठ-नऊ होतील.

पायवाट
चालेल, घाई नाही. मीच येऊन घेऊन जाईन. भाव तोच ना?

निळा_डोंगर
ओल्याचा विचारताय की सुक्याचा?